घरच्या माणसाच्या हातून

नाशिकहून परत येऊन पंधरा दिवस झाले. आल्या दिवसापासून गल्लीतल्या बायका दोनच गोष्टी विचारतात. द्राक्षं आणलीस का, आणि रामकुंडावर तुला कोणी अडवलं नाही का. द्राक्षं आणली नाहीत. अडवण्याचं म्हणाल तर ते नीट सांगावं लागेल, म्हणून लिहायला बसले. ज्यांना घाटाच्या पायऱ्या आणि देवळांचे कळस मोजायचे असतील त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी तीन दिवसांत तिथे मुख्यतः माणसांची तोंडं पाहिली, आणि त्यांतून एकच प्रश्न पुन्हापुन्हा बाहेर पडताना ऐकला.

आधी मी कोण ते सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही विचाराल. मी विमल आढाव. नगरला मिशनच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. लग्न केलं नाही, करावंसं वाटलं नाही. मी ख्रिस्ती, माझे आईबापही ख्रिस्ती. कपाळाला कुंकू नाही, गळ्यात काही नाही, आडनाव मात्र कुठल्याही पाटलाच्या घरात शोभेल असं. त्यामुळे परकं माणूस माझ्याकडे पाहून गोंधळतं. आणि आपल्याकडचं गोंधळलेलं माणूस गप्प बसेल तर शपथ.

बरं, सरळ कोणी विचारत नाही हो. ‘बाई, तुमचा धर्म कोणता’ असं तोंडावर विचारायची हिंमत असती तर मी त्यांना चहा पाजला असता. आधी आडनाव विचारतात. मग गाव. मग ‘मूळ गाव’. तरी अंदाज लागला नाही की आवाज मऊ करून, ‘तुमच्यात कुंकू लावत नाहीत का?’ हे ‘तुमच्यात’ मी आयुष्यभर ऐकत आले. ओळख पटली की ‘आपल्यात’, नाही पटली की ‘तुमच्यात’. वॉर्डात रोगी पडून असे, तेव्हा त्याच्याखालचं भांडं कोण काढतंय याची त्याला काही पडलेली नसायची. ताप उतरला, उशीला टेकून बसला, पेज पोटात गेली, की पहिलं वाक्य ठरलेलं: “सिस्टर, तुम्ही कोणत्यातल्या?” त्यावरून आम्ही ओळखायचो की आता याला घरी सोडायला हरकत नाही.

आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी राहायचो, मी आणि कुसुम. सिस्टर कुसुम मोगल, दिंडोरीकडची. मोगल हे त्या बाजूला मराठ्यांचं आडनाव आहे, पण नगरात कोणी ऐकलं की भुवया वर जायच्या. मग ती गंभीर चेहरा करून सांगायची, “हो, दिल्लीच्या तख्ताची वारस मी. सध्या इंजेक्शनं देते.” लग्नानंतर वर्षात नवरा गेला, माहेरी परत आली, आणि घरच्यांशी भांडून नर्सिंग शिकायला मिशनच्या दवाखान्यात आली. त्या दिवसापासून माहेरानं तिचं नाव टाकलं. आम्ही सव्वीस वर्षं एका चुलीवर जेवलो. स्वयंपाकघरातल्या एकाच फळीवर तिचा खंडोबाचा टाक आणि माझं बायबल. सोमवारी तिचा उपास, रविवारी माझं चर्च, आणि दोन्ही दिवशी एकमेकींची टिंगल.

जानेवारी संपताना कुसुम गेली. हृदयाचं दुखणं होतं, आम्हा दोघींनाही ते कळत होतं. जायच्या आठवडाभर आधी म्हणाली, “विमल, अस्थी रामकुंडात सोडायच्या. आणि घरच्या माणसाच्या हातून हं. भाड्याचं माणूस धरू नकोस.” मी हो म्हटलं. घरचं माणूस म्हणजे तिचा भाचा बाळासाहेब, हे मी धरूनच चालले. दुसरं कोण होतं तिला? तो मेलाबिला नाही, बागायतदार आहे, दोन तारा केल्या, एकीचंही उत्तर आलं नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते घरी आले आणि म्हणाले, “विमलबाई, त्या पाण्यात आपण हात घालू नये.” मी म्हटलं, “साहेब, मी याहून वाईट पाण्यात हात घातलेत, पगारावर.” ते चहा न घेता गेले. म्हणजे ‘तुमच्यात’वाले आमच्याकडेही आहेत, उगाच गैरसमज नको.

नगर ते नाशिक

अस्थींचं छोटं मडकं, त्याला लाल फडकं बांधलेलं, आणि ते कुसुमनंच विणलेल्या प्लास्टिकच्या वायरच्या पिशवीत. पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीत खिडकीशी बसले. नगर सोडलं की दोन्ही बाजूंना ज्वारी, ऊस आणि मधूनमधून ओसाड माळ. फेब्रुवारीतच धूळ उडायला लागलेली.

संगमनेरला एक बाई शेजारी येऊन बसल्या. काठापदराची साडी, हातभर बांगड्या, मांडीवर चिवड्याचा पुडा. पुडा पुढे केला, मी चार दाणे घेतले. चिवडा चांगला होता, हे मान्य करते. दाणे गिळून व्हायच्या आत, “कुठल्या आपण?”

“नगरची.”

“आडनाव?”

“आढाव.”

“असं का. आढाव का.” मग माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. “मालक...?”

“नाहीत. नव्हतेच.”

“अगं बाई. मग तुमच्यात...” 

घड्याळात पाहून सांगते, सात मिनिटं लागली. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. बाईंनी जरा वाट पाहिली आणि मग दुसरीकडून आत शिरायला बघितलं. “पिशवी मांडीवरच धरलीय ती. खाली ठेवा की. काय आहे त्यात?”

“मैत्रीण,” मी म्हटलं.

त्या हसल्या. मग लाल फडकं दिसलं. हसू तिथेच विरलं आणि बाई चिवड्यासकट उठून पुढच्या बाकावर गेल्या. सिन्नरच्या पुढे रस्ता वळणं घेत उतरायला लागला, आणि मी दोन माणसांच्या जागेवर एकटी ऐसपैस बसून नाशिकात शिरले. त्या दिवशी मला फार हुशारी वाटली. सगळ्यांना अशीच सरळ करीन, असं मनात म्हणत होते.

पंचवटीत एका धर्मशाळेत उतरले. तिथल्या व्यवस्थापकानं वही पुढे ढकलली. नाव, गाव, येण्याचं कारण, आणि शेवटी एक रकाना: जात. मी त्यात लिहिलं, ओ पॉझिटिव्ह.

“हे काय?” त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

“रक्तगट. माझं काही बरंवाईट झालं तर तोच लागेल. जात घेऊन दवाखान्यात कोणी बाटली चढवत नाही.”

तो पुटपुटला, पण खोली दिली. मग पिशवीकडे बोट केलं. अस्थी आत न्यायच्या नाहीत, आवारात झाडाला बांधायच्या, म्हणे सगळे बांधतात. आवारात उंबर होता. त्याच्या फांदीला आधीच दोन बोचकी लटकत होती, तिसरं मी बांधलं. म्हणजे गंमत बघा. मी, जिच्याबद्दल त्याला शंका होती, ती खाटेवर झोपले. आणि कुसुम, जिनं जन्मात एक सोमवार सोडला नाही, ती बाहेर झाडाला. असल्या शुद्धतेचं काय करायचं ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. नगरला मिसळ म्हणजे पावाबरोबर खायचा एक पदार्थ. इथे तिचा थाट वेगळाच, बरोबर पापड, वेगळ्या वाटीत तर्री, लिंबू. डोळ्यांतून पाणी आलं. टेबलासमोरच्या गृहस्थांनी पाण्याचा पेला सरकवला आणि विचारलं, “पाहुण्या दिसता. कुठल्या आपण?” मी तोंडात घास असल्याचं दाखवलं आणि गिळेपर्यंत त्यांचं बिल आलं. हा एक उपाय सोपा आहे, लिहून ठेवा.

दिंडोरी

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चौदाजणांत बसून दिंडोरीला पोचले आणि तिथून मोगलांच्या गावापर्यंत रिकाम्या क्रेटांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत. आमच्याकडच्या माळांची सवय झालेल्या डोळ्यांना ती हिरवाई खोटीच वाटते. तारांवर चढवलेले वेल, डोक्याच्या उंचीवर हिरवं छत, आणि खाली घड लोंबताहेत. काढणी चालू होती. बायका एकेक घड कात्रीनं कापून, खराब मणी काढून, क्रेटमध्ये कागद पसरून ठेवत होत्या. कडेला औषधाच्या फवारणीचा वास. ट्रॉलीतल्या मजूर बाया पेठकडच्या आदिवासी होत्या. त्यांनी मला काहीही विचारलं नाही, सरकून जागा दिली आणि परत आपल्या बोलण्याला लागल्या. पूर्ण प्रवासात मला गावलेली ही एवढीच शहाणी माणसं.

बाळासाहेबांचं घर नवं होतं, स्लॅबचं, पुढे मोठं अंगण. अंगणातल्या कडुनिंबाला मी पिशवी अडकवली आणि हाक मारली. बाळासाहेब बाहेर आला. पंचेचाळिशीचा, पांढरा शर्ट, हाताला द्राक्षांचा चिकटपणा. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. मागून त्याची आई आली, इंदूबाई, म्हणजे कुसुमची वहिनी. मी दवाखान्यातून आले, कुसुमच्या अस्थी आणल्यात, एवढं सांगितलं. बाळासाहेब खाली बसला आणि डोक्याला हात लावला. इंदूबाईंनी आधी माझं कपाळ पाहिलं.

पाणी आलं. चहा आला. चहाचा कप खिडकीच्या बाहेरच्या कोनाड्यातून काढताना मी पाहिला, कानतुटका, आत चहाचे जुने डाग. बत्तीस वर्षं भांडी उकळून घेण्यात गेली, असल्या कपाचा अर्थ मला कळतो. मी मुकाट प्यायले. भांडायला आले नव्हते, भाच्याला घेऊन जायला आले होते.

“तारा मिळाल्या,” बाळासाहेब म्हणाला. “खोटं कशाला बोलू. पण गावात लोक म्हनत्यात, आत्यानं धरम बदलला व्हता. मंग त्या अस्थीचं आम्ही काय करायचं?”

“कोणी सांगितलं?”

“समदे म्हनत्यात,” इंदूबाई मध्ये पडल्या. “एका किरिस्तावनीसंगं राहायची ना ती. त्या बाईनं नासवली तिला. घरचा देव सुटला, माणसं सुटली.”

मी कप खाली ठेवला. तोंडाशी आलं होतं, की ती नासवणारी बाई तुमच्या अंगणात तुमच्या फुटक्या कपात चहा पितेय. पण मग कुसुमचं काय? मी झाडावरची पिशवी घेऊन परत गेले असते, आणि तिनं मागितलेली एकच गोष्ट राहिली असती.

“ती बाटली नव्हती,” मी म्हटलं. “दर सोमवारी उपास. खंडोबाचा टाक रोज पुजायची. मरायच्या दिवशीसुद्धा कपाळाला भंडारा होता, मीच लावला.”

“तुम्ही लावला?” इंदूबाईंचे डोळे बारीक झाले. “तुम्ही कोन वो? आडनाव काय तुमचं?”

“आढाव.”

“आढाव म्हंजी आपल्यातलेच की!”

आता ऐका. सगळ्या जगाला रक्तगट सांगणारी मी, बसमधल्या बाईला पळवून लावणारी मी, तिथे मान हलवली आणि म्हणाले, “हो.” एवढंच. एक अक्षर.

तेवढ्यानं घर बदललं. कानतुटका कप कोनाड्यात गेला आणि बशीवाला कप आला. चटई गेली, खुर्ची आली. इंदूबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या आणि गुडघे दुखतात म्हणून सांगायला लागल्या. मघाशी ज्या हातानं लांबून पेला ठेवला होता तोच हात माझ्या हातावर ठेवला. मला त्यांची इतकी चीड आली, आणि त्याहून जास्त माझी. एका अक्षरात मिळणारा मान तो, किती किमतीचा असेल? पण बाळासाहेब म्हणाला, “उद्या सकाळी येतो मी. आत्यानं लहानपणी मला लय खेळवलं व्हतं.” त्याचे डोळे भरले होते आणि ते खरं होतं. मी म्हटलं, चालेल. बोललेलं खोटं पचवू.

जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि ताटाच्या कडेला द्राक्षांचा एक घड. आमच्याकडे फळ जेवणानंतर, इथे ताटातच, कोशिंबिरीसारखं. वास इतका छान सुटला होता की सकाळपासूनची भूक एकदम वर आली. मी ताट पुढे ओढलं, हात जोडले, डोळे मिटले. विचार केला नाही, कोण करतो? सव्वीस वर्षं रोज दोन वेळा तेच. मी प्रार्थना करायची, समोर कुसुम ताटकळायची, आणि मी मोठ्यानं “आमेन” म्हटलं की ती म्हणायची, “झालं का तुझं? वाढू?” तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणायची सवय.

“आमेन,” मी म्हटलं.

डोळे उघडले तर इंदूबाई आमटीची पळी हातात घेऊन तशाच वाकलेल्या. पळीतून आमटी ताटात ठिबकत होती.

“आई, काय झालं?” बाळासाहेबानं विचारलं.

“तीच हाय ही,” इंदूबाई म्हणाल्या.

मग मी बोलले. ताटावरून उठले आणि जे मघाशी गिळलं होतं ते सगळं बोलले. की हो, तीच मी. की तिला तुम्ही टाकली, मी नाही नेली. की तिच्या पायाला सूज आली तेव्हा तेल कोणी लावलं ते विचारायला तुमच्यातलं कोणी आलं नाही. आवाज चढला होता, शेजारचे कुंपणाशी आले होते. बोलताना फार बरं वाटलं, हे कबूल करते.

बाळासाहेब शांत होता. म्हणाला, “बाई, तुम्ही कोन हाय त्याचं मला एवढं नाय. आमच्यात पेठच्या बाया येत्यात, मी कुनाला इचारत नाय. पन तुम्ही सवताबद्दल आमच्या अंगनात बसून खोटं बोललात. मंग आत्याबद्दल खरं बोललात, हे मी कशावरनं धरू?”

मी कडुनिंबावरून पिशवी काढली आणि चालायला लागले. ट्रॉली मिळाली नाही. दिंडोरीपर्यंत मैल-दीड मैल उन्हात चालत गेले, एका बाजूला लोकांच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला लोकांच्या बागा. वाटेत एकटीच रडले. कुसुम, तुझं काम मी माझ्याच तोंडानं बिघडवलं गं.

रामकुंड

सकाळी घाटावर गेले तेव्हा ठरवलं होतं, आता कोणी विचारो न विचारो, पहिलं वाक्य तेच. मग हाकललं तर हाकललं, खाली पुलापाशी कुठेतरी पाण्यात उतरून स्वतःच सोडीन. भाड्याचं माणूस नको म्हणाली होती, घरचं माणूस तर मिळालं नाही.

रामकुंडावर पाऊल ठेवलं की चारी बाजूंनी हाका येतात. “आडनाव? गाव? कोणते तुम्ही?” पोपटासारखे सगळे तेच. मला वाटलं, झालं सुरू. पण मोगलांचं नाव आणि गाव सांगितल्यावर तीन जणांनी सोडून दिलं आणि चौथ्यानं पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे बोट केलं. इथे घराण्याघराण्यांचे गुरुजी ठरलेले असतात, आणि त्यांच्याकडे त्या घराण्याच्या वह्या. आपल्या घरातला जो कोणी इथे येऊन गेला त्याची सही त्यात, पिढ्यान्‌पिढ्या.

गुरुजी लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांच्या चळतीशी बसून तंबाखू मळत होते. मी समोर उभी राहिले.

“गुरुजी, आधीच सांगते. मी ख्रिस्ती आहे. मयत माझी मैत्रीण होती, मोगलांची. तिच्या घरचं कोणी येत नाही.”

“बरं,” ते म्हणाले, तंबाखू तोंडात टाकत. “मयताचं नाव?”

“मी ख्रिस्ती आहे म्हटलं.”

“ऐकलं हो. त्याचा वहीत रकाना नाही. नाव सांगा मयताचं.”

मला, खरं सांगते, राग आला. दोन दिवस कंबर कसून आलेल्या माणसाला असा रिकामा सोडायचं? मी म्हटलं, “कुसुम. कुसुम मोगल.”

गुरुजींनी वही सोडली. पानं पिवळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. मोडीतल्या सह्या, मग बाळबोध, मग बॉलपेनच्या. बोट फिरवत कुसुमच्या आजोबांपर्यंत गेले, वडिलांपर्यंत आले. मग म्हणाले, “ही का? मागच्या सिंहस्थाला आलेली.”

मला आठवलं. मागच्या सिंहस्थात गर्दीला लसी टोचायला आमच्याकडच्या चार नर्सा नाशिकला गेल्या होत्या, कुसुम त्यांत होती. परत येऊन तिनं गर्दीच्या, चिखलाच्या, साधूंच्या दंडात सुई जात नाही त्याच्या गोष्टी सांगून मला हसवलं होतं. वहीचं काही बोलली नव्हती.

गुरुजींनी वही माझ्याकडे फिरवली. तिचं अक्षर. तापाच्या तक्त्यावर असायचं तसंच, उजवीकडे कललेलं, घाईतलं. मी वाचलं.

‘कुसुम मोगल. राहणार नगर. घरची माणसं: विमल आढाव. बाकी कोणी नाही.’

मी पायरीवर बसले. घाटावर कोणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. सव्वीस वर्षं सगळ्या जगाला हसत आले मी, त्यांच्या ‘तुमच्यात’ला आणि ‘आपल्यात’ला. आणि कुसुम अंथरुणावरून ‘घरच्या माणसाच्या हातून’ म्हणाली तेव्हा, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत, मला एकदाही वाटलं नाही की ती माझ्याबद्दल बोलतेय. मी सरळ दिंडोरीला धावले, तिच्या ‘आपल्यातल्या’ माणसाकडे. फुटक्या कपात चहा प्यायले, खोटं बोलले, हाकलून घेतलं. आणि हिनं हे केव्हाच लिहून ठेवलेलं. कसली हुशार मी? गाढव निव्वळ.

“विमल आढाव कोण?” गुरुजींनी विचारलं.

“मी.”

“मग घरच्याच की तुम्ही. एवढं लांबण कशाला लावलं? पाय धुवा, चला. ऊन व्हायला लागलं.” मग जरा थांबून, “पुरुष माणूस असतं तर बरं होतं. पण आता वहीत तुम्हीच आहात. गोत्र?”

“तिचं माहीत नाही. मला तर नाहीच.”

“काश्यप म्हणा. माहीत नसलं की काश्यप.”

“आणि मुळात नसलं की?”

“तरी काश्यपच. बाई, किती बोलता तुम्ही,” ते वैतागले. त्या प्रवासात मला कोणी इतकं बरोबर ओळखलं नव्हतं.

ते काय म्हणायचं ते म्हणत होते, मी सांगतील तिथे पाणी सोडत होते. मग मडक्याचं फडकं सोडलं. राख अगदी थोडी होती. हातात घेतली, पाण्यात सोडली, परत घेतली. पाणी गार होतं आणि हिरवट. कुसुम असती तर म्हणाली असती, यात जंतू किती असतील गं विमल, हात नीट धू. मी मनात माझी प्रार्थना केली आणि शेवटी मोठ्यानं आमेन म्हटलं. गुरुजींनी मान वर केली नाही.

शेवटी त्यांनी वही पुढे केली. तिच्या ओळीखाली मी तिच्या जाण्याची नोंद केली आणि सही केली. बोटं ओली होती, शाई थोडी पसरली. पाळकसाहेबांना वाचायची असेल तर त्यांनी नाशिकला जावं.

परतीच्या एसटीत वायरची पिशवी रिकामी होती, तरी मांडीवरच धरून बसले. नाशिक सुटायच्या आत शेजारच्या बाईंनी सुरुवात केली. आडनाव झालं, गाव झालं, कपाळ पाहून झालं. मग आवाज मऊ झाला. “म्हणजे आपण नक्की कोणत्यातल्या?”

“कुसुमच्या घरातली,” मी म्हटलं.

सिन्नरपर्यंत बाई विचार करत होत्या.